जहाजावरची कावी: तयारीच्या नोंदी

५ जानेवारी, म्हापसा

प्रवासी जहाजावर कावी, म्हणजे आपल्या देवळांच्या भिंतींवरची तांबडी-पांढरी कोरीव कला, शिकवायला बोलावलंय; आज होकार कळवून टाकला. ७ फेब्रुवारीला मुरगाव बंदरात चढायचं, ८ तारीख पूर्ण दिवस पाण्यात, ९ला सकाळी कोचीला उतरून रेल्वेने घरी. ८ला कावीच्या दोन कार्यशाळा. प्रत्येकी ५० मिनिटं, प्रत्येकीत ४० माणसं. मानधन नाही. केबिन, जेवण, परतीचं तिकीट देतात, आणि साहित्याचा खर्च 'बिलं दाखवून'.

मोठं जहाज मी आतून कधी बघितलेलं नाही. मांडवी नदीतल्या कॅसिनो-जहाजांची दारंसुद्धा बाहेरूनच ठाऊक. म्हणून संयोजक बाईंना लगेच पाच प्रश्न पाठवले: खोली कुठल्या मजल्यावर? टेबलांची उंची किती? पाणी कुठून भरायचं? खाली गालिचा की फरशी? टोकदार हत्यारं चालतील का?

उत्तर: 'मॅम, सगळं अरेंज होईल.' हे वाक्य मी आमच्या लग्नात हॉलवाल्याकडून ऐकलं होतं. त्या दिवशी जनरेटर नव्हता.

६ जानेवारी

कावी म्हणजे काय, हे अनोळखी माणसांना दोन मिनिटांत सांगता यायला हवं. आधी स्वतःसाठी लिहून बघते.

शिंपले भाजून केलेला चुना, धुतलेली नदीची वाळू, गूळ. हे मिश्रण पंधरा दिवस मुरवायचं, कुटून कुटून एकजीव करायचं. भिंत ओली करून लिंपायचं. त्यावर हुरमुंजीचा तांबडा थर. तो ओला आहे तोवर लोखंडी टोकाने कोरायचं, की तांबडं निघून खालचं पांढरं उघडं पडतं. बघणाऱ्याला वाटतं पांढऱ्या रंगाने रेघा मारल्यात. मारलेलं काहीच नसतं, सगळं खरवडून काढलेलं. गोव्यातल्या मोरजीच्या मोरजाईच्या देवळापासून खाली कारवार-कुमठ्यापर्यंत कोकणपट्टीतल्या देवळांत ही कला दिसते. उत्तर कन्नडातल्या कावीची लेखक-संशोधक डॉ. कृष्णानंद कामतांनी हिंडून हिंडून नोंद केली, म्हणून तिकडची निदान कागदावर तरी राहिली. इकडे ऑइलपेंटचा डबा घेऊन जीर्णोद्धार करणाऱ्यांनी किती भिंती गिळल्या ते बोलून उपयोग नाही.

हुरमुंजी हे नाव इराणजवळच्या होर्मुझ बेटावरून. तिथली तांबडी माती जहाजांतून आपल्या किनाऱ्याला यायची. म्हणजे मी तो रंग परत जहाजात चढवणार.

मोठ्याने वाचलं. तीन मिनिटं दहा सेकंद. कामत आणि ऑइलपेंट, दोन्ही कापायला लागणार. कामतांचं वाईट वाटतंय.

खरी अडचण पुढेच आहे. पंधरा दिवसांचं काम ५० मिनिटांत कसं बसवायचं? मी आजवर दोन तुळशीवृंदावनं आणि एका घराची देवळी केली, त्यातल्या कशालाही आठवड्याच्या आत हात धुता आले नाहीत.

७ जानेवारी

सासूबाईंना सांगितलं. आधी गप्प. मग म्हणाल्या, "रामदास बोट विसरलीस वाटतं."

मी म्हटलं, "आई, तिला ऐंशी वर्षं होत आली." त्यांनी तारीखच सांगितली: १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली. त्यांच्या माहेरच्या आळीतला एक जण त्यात होता म्हणतात. ही बोट पावसाळ्यातली नाही, केवढी तरी मोठी आहे, असं समजावत बसले. थोड्या वेळाने त्याच आपणहून मुंबई–पणजी बोटीच्या आठवणी काढायला लागल्या. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती'. डेकवर सतरंजी टाकून झोपायचं, ट्रंक उशाला. बंदर आलं की पडाव, म्हणजे छोटी होडी, येऊन बोटीला लागायचा, आणि नऊवारीचा काष्टा आवरत त्यात उतरायचं. "वेंगुर्ल्याला एका बाईची आंब्यांची करंडी पाण्यात गेली. बाई ती करंडी बघून रडली. तिचा नवरा पडावात उभा होता, त्याच्याकडे बघितलंनसुद्धा नाही."

परवानगी मिळाली असं समजते.

९ जानेवारी

शुक्रवारचा बाजार. आणलेलं: एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) १५ बाय १५ सेंटिमीटरच्या, ३ मिमी जाडीच्या फळ्या (सुताराकडून कापून, सध्या वीस), खडूची पूड दोन किलो, फेविकॉल, हुरमुंजी अर्धा किलो, डिंक, पॉलिश पेपर, कबाबच्या बांबूच्या काड्या चार पुड्या. हुरमुंजीवाला म्हणाला, आता घेतं कोण हे, गणपतीच्या आधी थोडी खपते. तरी भाव कमी केला नाही.

१२ जानेवारी

तीन दिवस अंगण तांबडं आहे. नीट लिहून ठेवते, पुढे कुणाला उपयोग होईल.

पहिला प्रयत्न: खरा चुना थेट एमडीएफवर. फळी पाणी प्यायली, फुगली, सकाळपर्यंत पापडासारखी वळली. शिवाय ओला चुना हाताला लागतो, डोळ्यात गेला तर फार वाईट. चाळीस माणसं, त्यात पोरं. बाद.

दुसरा: प्लॅस्टर ऑफ पॅरिस. दिसायला सुंदर. टेबलावरून एक फळी मुद्दाम खाली टाकली, चारही कोपरे उडाले. बाद.

तिसरा: खडूची पूड आणि पातळ केलेलं फेविकॉल. तीन हात, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं. अंड्याच्या टरफलासारखं गुळगुळीत झालं. हा खालचा पांढरा.

वरचा तांबडा जमवताना डोकं फिरलं. हुरमुंजी नुसत्या पाण्यात कालवून लावली तर वाळल्यावर बाहीला येते. डिंक जास्त झाला तर काडी काचेवरून सरकावी तशी सरकते, ओरखडासुद्धा उठत नाही. वाटीभर रंगाला एक चमचा डिंकाचं पाणी, तेही पातळ, एवढ्यावर येऊन जुळलं. सूत्र एवढंच की खालचा थर वरच्यापेक्षा कडक हवा. भिंतीवर तेच असतं, पण तिथे माझा हात ते आपोआप करतो, मी कधी शब्दांत पकडलं नव्हतं.

कोरडं खरवडलं तर तांबडी धूळ उडते. जहाजावर गालिचा असला तर माझं नाव तिथे कायमचं राहील. म्हणून इस्त्रीवाल्याचा पाण्याचा फवारा: एकच फुस्स, तीसपर्यंत मोजायचं, मग काडी. धुळीच्या जागी खसखशीएवढे ओले कण सुटतात, ओल्या फडक्याने उचलता येतात. आणि रेघ! कोरड्यावर फाटल्यासारखी यायची, ओल्यावर सुरीने लोणी कापल्यासारखी आली. ओल्यावर कोरायचं हे मला माहीत होतंच की. तरी तीन दिवस कोरड्यावर झटत बसले.

पंखा बंद ठेवून ओल २५ मिनिटं टिकते. बेडरूममध्ये एसी १८वर लावून, अंगावर शाल घेऊन पुन्हा मोजलं: १२ मिनिटं. म्हणजे दर दहा मिनिटांनी पुन्हा एक फुस्स. दर दोघांत एक फवारा, वीस फवारे.

१५ जानेवारी

जहाजाकडून यादी आली. मेणबत्ती, इस्त्री, ग्लू गन, कटर, दाभण, कंपासची टोकं, सुटी पूड: काहीही नाही. कात्री बोथट असेल तरच. टेबलाची उंची यादीत नाही. पुन्हा विचारली.

पूड नाही म्हणजे थर घरूनच देऊन न्यायचे. ते ठरलेलंच होतं. दाभण गेलं ते मात्र लागलं.

हत्यारांची परीक्षा: नारळाचा हीर पहिली पाच मिनिटं मस्त चालतो, मग टोकाचा ब्रश होतो. रिकामं बॉलपेन बारीक रेघेला छान, पण रुंद जागा खरवडायला निकामी. बांबूची काडी सगळ्यात बरी. टोक तिरकं घासलं तर एका बाजूने रेघ आणि दुसऱ्या बाजूने खरवडणं, दोन्ही होतं. एका माणसाला दोन काड्या आणि एक रिकामं पेन. रिकामी पेनं गोळा करायला शाळेत निरोप दिला.

कंपासच्या जागी पट्टी. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद, दोन भोकं, पाच सेंटिमीटरवर. एका भोकात पेन रोवून धरायचं, दुसऱ्यातून काडी फिरवायची. घरात पत्रिका पाच किलो निघाल्या. ज्यांच्या पत्रिका, त्यातल्या काहींची मुलं कॉलेजात आहेत.

१७ जानेवारी

बेती–पणजी फेरीबोटीत प्रयोग. मांडीवर फळी, हातात काडी. जाऊन येऊन, पुन्हा जाऊन येऊन, चार फेऱ्या. फेरीबोट डोलत नाही, नुसती थरथरते. इंजिनाच्या थरथरीने सरळ रेघेला करवतीचे दात आले. पणजीच्या धक्क्याला लागायच्या आधी एक लाँच जवळून गेली, तिच्या लाटेने बोट एकदाच काय ती कलली, आणि माझं वर्तुळ अंड्यासारखं झालं.

शेजारी मासळीची पाटी घेऊन बसलेली बाई बराच वेळ बघत होती. "किते करता गो बाय?" सांगितलं, बोटीत शिकवायला जायचंय, त्याची तालीम. ती म्हणाली, "दर्यार शिकोवंक वता? मागीर हांगा कित्याक?" बरोबरच आहे. नदीतल्या तालमीचा समुद्रात काय उपयोग? पण एक कळलं, हात फळीला टेकलेला असेल तर फळी आणि हात एकत्र हलतात आणि रेघ वाचते. हवेत धरलेला हात रेघ बिघडवतो. मनगट टेका, हे पहिल्यांदा सांगायचं.

२० जानेवारी

हळदीकुंकवाला आलेल्यांना पकडून बसवलं. अकरा जणी, डायनिंग टेबल आणि दोन पाट. तिळगूळ दिला, वाण म्हणून फळीच दिली, म्हणजे कुणाला नाही म्हणता येईना. घड्याळ लावलं.

फजिती झाली. मी १४ मिनिटं बोलले. चुना, गूळ, होर्मुझ, मोरजाई. एकीने हळूच विचारलं, "वहिनी, हात लावू का आता?" तोवर फळ्या वाळल्या होत्या. पुन्हा फवारा, पुन्हा मोजणं. ५० मिनिटं संपली तेव्हा दोघींचं फूल पूर्ण, सहा जणींचं अर्धं, आणि तिघी गप्पांत.

काय शिकवायचं तेही इथेच ठरलं. मी तीन नमुने ठेवले होते: मोर, गणपती, सहा पाकळ्यांचं फूल. मोराच्या मानेत सगळ्या अडकल्या. गणपती बघून वरच्या आळीतल्या काकू म्हणाल्या, "बिघडला तर टाकायचा कुठे गो?" हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. चाळीस अर्धवट गणपती जहाजाच्या कचऱ्यात? नको. मोर आणि गणपती बाहेर.

फूल राहिलं. ते मात्र जादूसारखं आहे. पट्टीची लांबी तीच ठेवायची. एक वर्तुळ. त्याच्या कडेवर कुठेही पेन रोवून कमान काढायची, ती मध्यातून जाते. कमान कडेला जिथे कापते तिथे पेन, पुन्हा कमान. सहा वेळा केलं की फिरून बरोबर सुरुवातीला. मोजपट्टी नको, कोनमापक नको. कारण सोपं, वर्तुळाची त्रिज्या वर्तुळावर कडेकडेने सहाच वेळा बसते. दहावीपर्यंत भूमितीत नापास होत आलेल्या आमच्या जाऊबाईंनी शेवटची कमान जुळल्यावर "अय्या!" केलं, मी ती वेळ लिहून ठेवली: १९वं मिनिट. जहाजावर प्रत्येक माणसाला १९व्या मिनिटाला हे 'अय्या' मिळालं तर बाकी ३१ मिनिटं ते आपणहून खरवडतील. कोणत्या पाकळ्या पांढऱ्या, कोणत्या तांबड्या, हे ज्याचं त्याने.

नवीन क्रम: बसा, फुस्स, मनगट टेका, वर्तुळ. हात चालू झाल्यावर मी बोलणार. होर्मुझ पाकळ्यांच्या वेळी. कामतसुद्धा परत बसले बघा.

पाटावर बसलेल्यांची फुलं टेबलावरच्यांपेक्षा वाईट आली. टेबलाची उंची तिसऱ्यांदा विचारली.

२३ जानेवारी

पलीकडचे तारवटी अंकल भेटले. तीस वर्षं तारवावर, म्हणजे जहाजावर, त्यातली बरीचशी प्रवासी जहाजांच्या गॅलीत, स्वयंपाकघरात. ह्यांच्याकडे आधीच जायला हवं होतं. संयोजक बाईंनी इतके दिवस सांगितलं नाही ते त्यांनी एका चहात सांगितलं.

टेबलावर काकडी आडवी ठेवली आणि बोटांनी हलवून दाखवली. डोलणं दोन तऱ्हांचं. एक डावी-उजवीकडे. ते कमी करायला जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात, जहाज चालू असताना ते काम करतात. दुसरं पुढून-मागून, सीसॉसारखं. त्याला पंखांचा फारसा उपयोग नाही. काकडीच्या मधोमध बोट ठेवलं: इथे हलणं सगळ्यात कमी. वर आणि पुढे जाल तसं जास्त. "तुगेली रूम खंय?" माहीत नाही, म्हटलं. त्यांनी मान हलवली.

मग खरी भीती सांगितली. मान खाली घालून बारीक काम करणाऱ्याला बोट लवकर लागते. कानाला आतून हलणं कळतं, डोळ्यांसमोरची फळी मात्र जागची हलत नाही, आणि त्या भांडणात पोट मध्ये पडतं. म्हणजे माझी पूर्ण कार्यशाळा म्हणजे ओकारीची पाककृती! उपाय: ज्यांना त्रास होतो त्यांना खिडकीजवळ बसवायचं, आणि अधूनमधून सगळ्यांनी मान वर करून क्षितिज बघायचं. फवाऱ्याची दहा मिनिटं आणि क्षितिजाची दहा मिनिटं एकत्र बांधली. फुस्स, मान वर, तीस मोजा, मान खाली. ओल मुरायला तेवढाच वेळ लागतो.

"पोट रिकामें दवरूं नाका," हे तीनदा बजावलं. सुकी बिस्किटं, हिरवं सफरचंद. मी आलेपाक म्हटलं, तो त्यांनी पास केला. निघण्याआधी सगळ्यांना जमवून सुरक्षेची माहिती देतात तीही नीट ऐक म्हणाले. सात आखूड भोंगे आणि एक लांब ऐकला तर फळ्या-बिळ्या टाकून आधी आपल्या ठरलेल्या जागी जायचं. आईंना यातलं भोंग्याचं सांगायचं नाही असं ठरवलं.

२७ जानेवारी

एक फोटो आला, शेवटी! खोलीचा. आठवा मजला, पुढचं टोक. म्हणजे काकडीचं शेंडं. लाउंज आहे, निळा गालिचा, मऊ सोफे, आणि त्यांच्यापुढे गुडघ्याच्याही खाली येतील अशी गोल टेबलं, ज्यावर फार तर दोन ग्लास आणि शेंगदाण्यांची वाटी मावेल.

मधली जागा द्या म्हणून लिहिलं. 'नोटेड मॅम.'

गल्लीतल्या ट्यूशनवाल्या सरांकडून परीक्षेची पॅडं मागून आणली, चाळीस. फळी पॅडवर, पॅड मांडीवर. घरी सोफ्यावर बसून करून बघितलं, जमतं. पॅडांवर पोरांनी बदामात बाण, क्रिकेटर आणि सरांच्या नकला करणारी चित्रं कोरून ठेवली आहेत. कोरण्याची हौस कुणाला शिकवावी लागते असं काही दिसत नाही.

३१ जानेवारी

शंभर फळ्या पूर्ण. ऐंशी लागणार, वीस जास्तीच्या. चार फळ्यांवर तांबडा थर ढगाळ आला, त्या माझ्या प्रात्यक्षिकाला. एक फळी सुमारे ६५ ग्रॅम, म्हणजे साडेसहा किलो. पॅडं बारा किलो. फवारे, काड्या, फडकी, पट्ट्या मिळून आणखी तीन. फळ्यांच्या मध्ये वर्तमानपत्र घातलं तर शाई पांढऱ्यावर उमटते, बटर पेपर घातला. नखांतला तांबडा रंग काही जात नाही. बँकेत अंगठा लावायला सांगितला असता तर कावीच उमटली असती.

४ फेब्रुवारी

शब्दांचा सराव. प्रवासी मुंबई-पुण्याचे, गुजरातकडचे, कुठलेही. हिंदीत 'कोरना' म्हटलं तर कुणाला कळणार नाही, 'खुरचना' बरं. मनगटाला 'कलाई'. मुलासमोर उभी राहून म्हटलं, "कलाई टेकिए." तो म्हणाला, "टेकिए नाही गं आई, टिकाइए." मराठी बोलत राहिले तरी चालेल बहुतेक, हात बघूनच करतात सगळे.

६ फेब्रुवारी, रात्री

बॉक्स दोन. आलेपाक आईंनी केला, डब्यावर माझं नाव लिहून. डब्यात वरती देवीचा अंगारा ठेवलाय, पुडीत. सुटी पूड चालत नाही असं त्यांना कोण सांगणार? पर्समध्ये टाकली.

टेप मारून झाली, दिवा मालवला, आणि पावणेअकराला मेसेज: 'मॅम रूम चेंज. डेक ५, मिडशिप. डायनिंग टेबल्स. हाइट ७४ सेंमी.'

मिडशिप म्हणजे काकडीचा मध्य. जाऊन आमचं डायनिंग टेबल मोजलं. ७५.

म्हणजे पॅडं नकोत. बारा किलो, आणि कोचीहून रेल्वेने परत आणायची ती मीच. पण फोटो खरा की मेसेज, हे उद्या दार उघडल्याशिवाय कळणार नाही. टेप कापली. वीस पॅडं काढली, वीस राहू दिली. काढलेल्यांत बदामवाली सगळी गेली, क्रिकेटर राहिले. परत टेप मारली. उद्या साडेआठची कदंब बस.